सेलरी आली का?

माझ्या सासूबाईंना कोणीतरी पळवून नेईल, अशी भीती मला लग्नाच्या बाराव्या वर्षी वाटायला लागली. सुनांची इच्छा सहसा उलटी असते, मला माहीत आहे. माझ्या मैत्रिणींचे निम्मे नवस याच विषयावरचे असतात. पण त्यांच्या सासवा वर्षातून दोन महिने येतात, मसाल्याचे डबे इकडचे तिकडे करतात आणि परत जातात. माझ्या सासूबाई सात वर्षांपूर्वी शारजाला आल्या त्या राहिल्याच, आणि त्यांच्या जिवावर मी नोकरी करते, हे ऑफिसात मी कोणालाही सांगितलेलं नाही. तिथे मी टाइम मॅनेजमेंटवर प्रेझेंटेशन देते.

मनोरमा त्यांचं नाव. चिंचवडला एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्या तरी तो सोडला नाही. मॉलमध्ये 'तुम्ही इथे आहात'च्या लाल ठिपक्याचा नकाशा दिसला की त्या थांबतात, बघतात, आणि "उत्तर दिशा चुकली आहे" असं सिक्युरिटीवाल्याला जाऊन सांगतात. सासरे गेले तेव्हा आमची रिद्धी एक वर्षाची होती. तन्मय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आई, थोडे दिवस चल, चेंज होईल." त्या थोड्या दिवसांत त्यांनी रिद्धीला चालायला, बोलायला आणि वाळूच्या टेकड्या कशा सरकतात ते ओळखायला शिकवलं. त्यांचा व्हिसा दर वर्षी रिन्यू करावा लागतो. तन्मय सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टाइपिंग सेंटरला फॉर्म देतो, आई फोटो काढून येतात, खलास. त्यांना इथे राहायचं आहे का, हे पहिल्या वर्षानंतर आम्ही कधी विचारलं नव्हतं.

तर पुस्तकं. गल्फमधून माणूस कायमचा निघाला की त्याच्या घरातल्या निम्म्या वस्तू लिफ्टपाशी येऊन बसतात. खालच्या मजल्यावरची एक नर्स कॅनडाला गेली तेव्हा तिने एक मोठं खोकं ठेवलं होतं. आईंनी ते उचलून आणलं ते खोक्यासाठी, रजया ठेवायला. आत एक्केचाळीस इंग्रजी पुस्तकं निघाली. प्रत्येकाच्या कव्हरवर पांढरी टोपी घातलेली एक मुलगी, मागे शेत आणि एक घोडागाडी. आई ती टाकूनच देणार होत्या, पण पहिल्याच पुस्तकात पेनसिल्व्हेनियाचा नकाशा होता. नकाशा बघता बघता त्यांनी पहिलं पान वाचलं, आणि त्या दिवशी आमच्या घरी वरणाला फोडणी पडली नाही.

त्या सगळ्या आमिश लोकांच्या प्रेमकथा होत्या. आमिश हा अमेरिकेतला एक जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ. हे लोक घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, साधे कपडे घालतात, देवाचं आणि वडीलधाऱ्यांचं ऐकतात, आणि पुस्तकांवरून पाहिलं तर उरलेला सगळा वेळ प्रेमात पडतात. मात्र फार सावकाश. दोनशे पानं उलटली तरी हात धरलेला नसतो. आईंना हा वेग मानवला. रिद्धी शाळेतून आली की त्या तिला मराठीतून गोष्ट सांगायच्या, आणि रिद्धी इंग्लिशमधून विचारायची, "आजी, डिड ही टेल हर ऑर इज ही स्टिल फिक्सिंग द फेन्स?"

पुढच्या बिल्डिंगमधल्या प्रमिलाताई बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी जाहीर कथावाचनच ठरवून टाकलं. ग्रुपवर मेसेज आला: "शनिवारी दुपारी चार वाजता मनोरमाकाकूंकडे आमिष कथा. अल्पोपाहार आहे. अवश्य यावे." प्रमिलाताई न वाचता पाठवतात, आणि त्यांचा फोन त्यांच्याहून शहाणा आहे. आता आमिष म्हणजे एक तर लालूच, नाहीतर मांस, आणि तो श्रावणातला शनिवार होता. पहिलं उत्तर आलं, "श्रावणात??" दुसरं, "काकू, कोणाला दाखवताय आमिष?" तिसरीने नुसती कोंबडी टाकली. प्रमिलाताईंच्या नवऱ्याने, अनिलने, तो मेसेज तसाच आपल्या मित्रांच्या ग्रुपवर ढकलला.

शनिवारी अकरा बायका आल्या. बाराव्या वेळी बेल वाजली तेव्हा दारात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या हातात स्टीलचा तीन पुडांचा डबा होता.

"मी सूर्यकांत धामणकर. शेजारच्या टॉवरमध्ये असतो. अनिलने मेसेज पाठवला."

"या ना," आई म्हणाल्या. "पण डबा कशाला?"

"आमिष आहे असं लिहिलं होतं ना." ते जरा लाजले. "श्रावण मी पाळत नाही. म्हटलं, उरलं तर घेऊन जाईन. एकटाच असतो."

बायका पदरात, म्हणजे खरं तर ओढण्यांत तोंड घालून हसल्या. आई हसल्या नाहीत. शाळेतल्या आवाजात त्यांनी सांगितलं, "अहो, तो षटकोनातला ष नाही. शहामृगातला श आहे."

"म्हणजे मटण नाही."

"साबुदाण्याची खिचडी आहे."

धामणकरांनी क्षणभर विचार केला. "चालेल. माल बदलून आला तरी आधी रिसीव्ह करावा लागतो."

ते तीस वर्षं हमरिया फ्री झोनमध्ये एका पाइप कंपनीचे स्टोअरकीपर होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी ऑकलंडला. स्वतःच्या रिटायरमेंट व्हिसावर इथेच राहिले होते, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची सगळी बिनकार्डं इथेच होती. बिनकार्ड म्हणजे गोदामात कुठल्या फळीवर काय आहे ते लिहिलेलं कार्ड. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की त्यांनी खिचडी दोनदा घेतली, गोष्ट पूर्ण ऐकली, आणि जाताना आईंनी न विचारता त्यांचा डबा भरून दिला.

गोष्टीवर चर्चाही झाली. या लोकांकडे वीज नाही म्हटल्यावर प्रमिलाताई ओरडल्या, "म्हणजे एसीसुद्धा नाही?" बाहेर बेचाळीस डिग्री होतं. धर्म, त्याग, प्रेम हे सगळं त्या बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं, पण एसी नाही म्हटल्यावर सगळ्या हळहळल्या.

मग दर शनिवारी वाचन सुरू झालं. धामणकर साडेतीनलाच येऊन खुर्च्या मांडायचे. तिसऱ्या शनिवारी त्यांनी एक्केचाळीस पुस्तकांना नंबरांची स्टिकरं लावली, पाचव्या शनिवारी कोणी कोणतं नेलं त्याची वही केली. आई म्हणायच्या, "धामणकर, ही काय लायब्ररी आहे का?" आणि ते म्हणायचे, "आता झाली." सहाव्या शनिवारी आईंच्या कानात मोती दिसले. मी एचआरमध्ये आहे. लोकांच्या चेहऱ्यावरून राजीनामा ओळखायचा, हे माझं काम आहे. मोती बघून मी तो ओळखला.

सेलरीची गोष्ट ऑक्टोबरात आली. सेलरी म्हणजे ती जाड देठांची, ओव्यासारख्या वासाची हिरवी भाजी. आमिश लोकांकडे लग्न आधी जाहीर करत नाहीत. पण लग्नाच्या जेवणात सेलरी भरपूर लागते, त्यामुळे एखाद्या मुलीच्या परसात सेलरीचे वाफे वाढले की गाव काय ते ओळखतं. गोष्टीतल्या विधवेकडे जमीनच नव्हती. तर शेजारच्या विधुर सुताराने आपल्या शेतात, तिच्या कुंपणाला लागून, सेलरी लावली. बोलला काहीच नाही. तिने एक दिवस खिडकी उघडली आणि समोर सगळं हिरवं.

आईंनी पुस्तक मिटलं. मग धामणकरांनी घसा साफ केला. "किती वाफे?"

"लिहिलेलं नाही," आई म्हणाल्या.

"लिहायला पाहिजे होतं. क्वांटिटीवरून माणसाची तयारी कळते."

मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. झारा हातात धरून मी दरवाजाच्या फटीतून बघितलं. आई खाली बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला तेव्हा त्यांच्याविषयी आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात मोजत होते: सकाळची स्कूल बस कोण बघणार, दुपारचं जेवण, स्विमिंग, ताप, गुणाकार. मला राग आला, तोही गोष्टीतल्या सुताराचा.

नोव्हेंबरात तन्मय म्हणाला, "आई, यल्ला, चल, व्हिसाचे फोटो काढ." आई म्हणाल्या, "यंदा जरा थांब." तन्मय थांबला. त्याला आईने थांब म्हटलं की तो कारण विचारत नाही, मी म्हटलं तर तीन विचारतो. दोन दिवसांनी मात्र तो बेडरूममध्ये आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"मुग्धा, आई जॉब करतेय."

"काय?"

"मी ऐकलं ना. बाल्कनीत धामणकरकाकांशी फोनवर बोलत होती. म्हणाली, सेलरी आली की मग मुलांना सांगते. आणि हसत होती! काका तिला हमरियात कुठेतरी चिकटवतायत. डिपेंडंट व्हिसावर काम करणं इल्लीगल आहे, मुग्धा. फाइन मला बसेल!"

इथे पगाराला आम्ही सगळे सेलरीच म्हणतो. सॅलरी फक्त मी म्हणते, तेही ऑफर लेटर देताना. त्यामुळे माझ्या नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र सगळं लख्ख समजलं. मी म्हणाले, "विचारू नकोस. स्वतःहून सांगतील." हे मी शहाणपणाने म्हणाले, असं त्याला वाटलं.

गुरुवारी मी घरून काम करत होते. आई रिद्धीला स्विमिंगला घेऊन गेल्या होत्या. बेल वाजली. दारात सामान पोचवणारा पिकअपवाला वली, खांद्यावर लाकडी पट्ट्यांची पेटी. "मॅडम, रास अल खोर सब्जी मंडी से आया. इधर साइन." पेटीतून हिरवी पानं बाहेर आली होती आणि सगळ्या पॅसेजमध्ये ओव्याचा वास सुटला होता. वर टाचणीने कागद लावलेला होता, कार्बन लावून, सुवाच्य अक्षरात:

"डिलिव्हरी नोट. पाठवणार: सू. ग. धामणकर. घेणार: मनोरमाबाई. माल: सेलरी, ताजी. नग: चोवीस. शेरा: आपल्याकडे वाफा नाही म्हणून तयार पाठवली आहे. तपासून घ्यावी. घाई नाही."

खाली घेणाऱ्याच्या सहीची रेघ. मी सही केली. वली पांढरी प्रत घेऊन गेला, पिवळी माझ्याकडे राहिली.

मी वाईट बाई नाही, हे पुढच्या पाऊण तासात मी स्वतःला सहा वेळा सांगितलं. तेवढ्या वेळात मी आठ जुड्या समोरच्या दोन घरांत वाटल्या, चार वॉचमनला दिल्या, सहा फ्रीजमध्ये पालकाच्या खाली दडपल्या आणि उरलेल्या सहा वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्या. पेटी कचऱ्याच्या खोलीत नेली. पिवळा कागद फाडायला घेतला, पण ते "घाई नाही" वाचून माझा हात चालेना. तो मी लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला.

रिद्धी आली ती ओला कॉस्च्यूम टाकायला थेट मशीनपाशी.

"ममा, व्हाय इज देअर सेलरी इन द वॉशिंग मशीन?"

"इट्स ऑरगॅनिक," मी म्हणाले. मग तिला जवळ ओढून सांगितलं की हे सरप्राइज आहे, आजीला बोलायचं नाही, आणि आयपॅड अर्धा तास जास्त मिळेल. म्हणजे मी माझ्या पोरीला आमिष दाखवलं. षटकोनातलं.

त्या आठवड्यात आमच्या घरी सेलरीचं सूप झालं, सेलरीचे पराठे झाले, थालीपीठ झालं. "कसला गं वास?" आईंनी विचारलं. "ओवा," मी म्हणाले. "पोटाला चांगला." त्यांना आलेली मागणी त्यांनी दोन वाट्या प्यायली, वर मिरपूड घालून. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण ते सूपमुळेही असेल.

शनिवारी धामणकर आले नाहीत. चार वाजले. आई म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबू, ते येतील." सव्वाचारला त्यांनी स्वतःच खुर्च्या सरळ केल्या. त्या शनिवारी त्यांनी एकच पान दोनदा वाचलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बायकांच्या आलं. पुढच्या शनिवारीही ते आले नाहीत. आईंनी अर्ध्यातच पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आता हे पुरे झालं. माझा घसा बसतो." बायका गेल्यावर त्यांनी पुस्तकं नंबरवार खोक्यात भरली. त्यांच्या कानात मोती नव्हते. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो.

"तन्मय, व्हिसाचा फॉर्म उद्या टाइपिंगला देऊन टाक," आई म्हणाल्या.

तन्मयचा जीव भांड्यात पडला. पण त्याला गप्प बसवेना. "आई, एक विचारू? ते सेलरीचं काय झालं?"

आईंचा हात ताटातच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"ऐकलं मी फोनवर. सॉरी. आली का?"

"नाही आली."

"बघ! मला वाटलंच. आई, इथे हे फार चालतं. आधी गोड बोलतात आणि मग सेलरी देत नाहीत. किती ठरली होती?"

"अशी ठरवून घेतात का रे?" आई हळूच म्हणाल्या. "त्यांना वाटेल तेवढी."

"असं तोंडी ठेवायचंच नाही! लेखी घ्यायचं. आपण कम्प्लेंट करू शकतो."

"कम्प्लेंट कसली? आमचं तसंच ठरलं होतं. आली तर पुढे बोलायचं, नाही आली तर विषय बंद. कोणी कोणाला विचारायचं नाही. त्यांच्या मनात आलं नसेल. जबरदस्ती थोडीच आहे?"

"बट इट केम, आजी," रिद्धी म्हणाली. तिचा आयपॅडचा अर्धा तास संपला होता. "इट वॉज इन द वॉशिंग मशीन."

मग मी सगळं सांगितलं. चोवीस नग, शेजारी, वॉचमन, सूप. बॅगेतून पिवळा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. आईंनी चष्मा लावला, वाचला, काढला, पुसला, परत लावला. "वाफा नाही म्हणून तयार..." एवढं मोठ्याने वाचून त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले. तन्मय आमच्या दोघींकडे बघत राहिला.

"म्हणजे," तो म्हणाला, "सेलरी ही भाजी आहे?"

"मुग्धा," आई म्हणाल्या, "आठ दिवस मी स्वतःला विचारत होते की त्रेसष्टाव्या वर्षी मला हे काय सुचलं. लाज वाटत होती मला. तू येऊन म्हणाली असतीस, आई, जाऊ नका, माझं अडतं, तर मी बसून ऐकलं असतं. तू माझी भाजी चोरलीस."

"मला भीती वाटली. तुम्ही गेलात तर मला हे घर झेपणार नाही," मी म्हणाले. "आणि मला तुमच्याशिवाय करमणार नाही."

"हे दुसरं वाक्य आधी म्हणायचं."

एवढ्या वेळात तन्मयपर्यंत बातमी पोहोचली होती. "म्हणजे आई, तू लग्न करतेयस? नोकरी नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो सुस्कारा सोडून म्हणाला. "नोकरी इल्लीगल होती. लग्न चालतं." मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो एकदम लहान मुलासारखा दिसायला लागला. "आणि बाबांचा फोटो?"

"तो माझ्याबरोबर येईल. धामणकरांच्या हॉलमध्ये दोन खिळे आहेत. एकावर त्यांची बायको आहे. दुसरा त्यांनी मागच्या महिन्यात ठोकला." आईंनी त्याच्या ताटात पोळी वाढली. "विचारून ठोकला."

रविवारी सकाळी आई मला घेऊन निघाल्या. पालकाखाली दडपलेल्या जुड्यांपैकी एक शेवटची उरली होती, मान टाकलेली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "तू धरायची," त्या म्हणाल्या. लिफ्टमध्ये त्यांनी कानात मोती घातले.

धामणकरांनी दार उघडलं. आधी आईंकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या जुडीकडे.

"तुम्ही दोन शनिवार आला नाहीत," आई म्हणाल्या.

"कसा येणार? पांढऱ्या प्रतीवर सही तुमच्या सुनेची होती. म्हणजे माल घरात पोहोचला, पण तुमचा अप्रूव्हल नाही. इन्स्पेक्शनला आहे." ते अगदी सहज सांगत होते. "माल तपासणीला असताना सप्लायरने दारात जायचं नसतं, मनोरमाबाई. प्रेशर येतं. मी तीस वर्षांत कधी गेलो नाही."

"आणि तपासणी वर्षभर चालली असती तर?"

"घाई नाही, असं लिहिलं होतं मी."

आईंनी पर्समधून पिवळा कागद काढला, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि माझ्याकडे पेन मागितलं. माझ्या सहीखाली आपली सही केली. मग शेऱ्याच्या जागेत, फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "तेवीस नग सुनेने फस्त केले. उरलेला एक नग पसंत."

धामणकरांनी तो दोनदा वाचला. "नग म्हणजे ही जुडी, का मी?"

"समजून घ्या," माझ्या सासूबाई म्हणाल्या.

डिसेंबरात अबू धाबीला जाऊन रीतसर लग्न झालं. जेवणात सेलरी होती. तन्मयने स्वतः आणली, एका जुडीला सहा दिरहम म्हणजे एकशे चाळीस रुपये, असं येईल त्याला सांगितलं. त्याआधी मुलाच्या व्हिसावरून आईचं नाव काढायच्या फॉर्मवर त्याला सही करावी लागली. टाइपिंग सेंटरच्या माणसाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माय मदर गॉट अ बेटर ऑफर." घरी येऊन तो बराच वेळ बाल्कनीत उभा होता.

रिद्धीच्या बसस्टॉपवर आता सकाळी दोघं उभे असतात. धामणकर बस किती मिनिटं उशिरा आली त्याची नोंद ठेवतात. दुपारी ती त्यांच्याकडेच जेवते. मी मनात मोजलेल्यांपैकी काहीच अडलं नाही. अडलं ते वेगळंच. सहाला घरी यायचं, तर स्वयंपाकघरात कोणी नाही. वरणात मीठ जास्त झालं तर सांगायला कोणी नाही. महिन्याभराने मॉलमध्ये मी लाल ठिपक्याच्या नकाशासमोर थांबले आणि उत्तर दिशा शोधत बसले.

त्या शनिवारी मी माळ्यावरून आमचा तीन पुडांचा डबा काढला, पुसला आणि शेजारच्या टॉवरमध्ये जाऊन बेल दाबली. आईंनी दार उघडलं, आतून मटणाचा वास आला. धामणकर रांधत होते, आईंचं पुस्तक ओट्यावर उघडंच होतं. आईंनी माझ्या हाताकडे बघितलं.

"डबा कशाला?"

"आमिष आहे असं लिहिलं होतं ना," मी म्हणाले. "म्हटलं, उरलं तर घेऊन जाईन."

आईंनी डबा माझ्या हातातून घेतला. आत जाऊन तिन्ही पुडं भरली, झाकण दाबून लावलं आणि माझ्या हातात दिला.

"दर शनिवारी आणत जा," त्या म्हणाल्या. "रिकामाच आणायचा."